भाड्याच्या घराला सहा लाख लावले, टॅक्समध्ये किती सुटतात?

दादरमधला एक टू बीएचके फ्लॅट. भाडेकरू गेला, तेव्हा मालकाने टाइल्स बदलल्या, नवं प्लंबिंग केलं, रंग काढला. बिल झालं सहा लाख. आता महिना ४० हजार भाडं येतंय. रिटर्न भरताना हे सहा लाख भाड्यातून वजा होतील, असं अनेक मालक धरून चालतात.

तसं होत नाही.

घरभाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च वजा करायची सोयच आयकर कायद्यात नाही. त्याऐवजी सरसकट ३० टक्के वजावट मिळते. या फ्लॅटचं वर्षाचं भाडं ४ लाख ८० हजार. समजा मालकाने महापालिकेला २० हजार प्रॉपर्टी टॅक्स भरलाय, तर तो आधी जाईल. उरले ४ लाख ६० हजार. त्याचे ३० टक्के म्हणजे १ लाख ३८ हजार. टॅक्स उरलेल्या ३ लाख २२ हजारांवर. सहा लाख खर्च केले तरी एवढंच आणि भिंतीत एक खिळाही ठोकला नाही तरी एवढंच! १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यातही हे ३० टक्के कायम आहेत.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून प्रॉपर्टी टॅक्स माफ आहे. त्यामुळे परळ-लालबागच्या छोट्या घरांना ती पहिली वजावट सहसा नसते.

कर्ज काढून काम केलं असेल, तर व्याज वेगळं वजा होतं. त्यातून तोटा आला तर जुन्या रिजीममध्ये वर्षाला २ लाखांपर्यंत तो पगारातून वळता करता येतो. नव्या रिजीममध्ये नाही.

बिलं मात्र जपून ठेवा. जास्तीची बाथरूम बांधण्यासारखं, घरात भर घालणारं काम असेल तर घर विकताना तो खर्च नफ्यातून वजा होऊ शकतो. रंगकाम त्यात बसत नाही.

गिरगावातल्या चाळींची गोष्ट याच्या अगदी उलटी. खोली पागडीची असेल तर तिथे राहणारा महिन्याचा भाडेकरू असतो, मालक नाही. त्याने पोटभाडेकरू ठेवला, तर ते उत्पन्न 'इतर स्रोतां'त जातं. तिथे ३० टक्के नाहीत, पण ते उत्पन्न मिळवण्यासाठी केलेला किरकोळ दुरुस्तीचा खर्च आणि मालकाला दिलेलं भाडं दाखवता येतं. फक्त परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार मालक खोली परत मागू शकतो.