आवर घालणाऱ्या पेशी आणि मुलांचा मधुमेह

“एवढ्याशा पोराला साखरेचा आजार? गोड फार देत असाल!” मुलाला टाइप वन मधुमेह झाला की त्याच्या आईला हे वाक्य हमखास ऐकावे लागते, मग घर जोयड्यात असो, बेळगावात असो की पुण्यात. हे वाक्य साफ चुकीचे आहे. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही आणि आईच्या हयगयीनेही होत नाही. तो होतो शरीराच्या स्वतःच्याच राखणदारांमुळे.

आपल्या स्वादुपिंडात बीटा पेशींचे छोटे छोटे पुंजके असतात. इन्सुलिन तयार करणे हे त्यांचे काम. टाइप वन मधुमेहात रक्तातल्या टी पेशी, ज्यांनी जंतूंशी लढायचे, त्या या बीटा पेशींनाच शत्रू समजून मारू लागतात. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे गुपचूप चालते. बहुतेक बीटा पेशी निकामी झाल्या की साखर एकदम वाढते.

‘थांब रे, ती आपलीच गाय’

आपल्याकडे भात पिकायला आले की रात्री राखणीला जावे लागते. रानडुकरे आणि गवे एका रात्रीत शेताची नासाडी करतात. माळ्यावरच्या तरण्या पोरांना अंधारात काही हलले की धोंडा मारायची घाई. सोबतचा जाणता माणूस म्हणतो, “थांब रे, ती आपलीच गाय.” शरीरातही असे जाणते असतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. त्या स्वतः जंतू मारत नाहीत, मारणाऱ्यांना आवर घालतात.

जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून या पेशींची ओळख पटवली. त्या काढून घेतल्या की उंदरांचे शरीर स्वतःच्याच अवयवांवर उठे, परत दिल्या की ते टळे. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘फॉक्सपी३’ हे जनुक शोधले. नियामक पेशी घडतात त्या याच जनुकामुळे, हे नंतर स्पष्ट झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

या शोधाचा मधुमेहाशी संबंध थेट आहे. हे जनुक जन्मतः बिघडलेली काही मुले असतात. आजार अतिशय दुर्मीळ, बहुधा मुलग्यांनाच होणारा. त्यांच्यात आवर घालणारे कोणी उरत नाही आणि अनेकांना जन्मानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांतच टाइप वन मधुमेह होतो. नेहमीच्या टाइप वनमध्ये बिघाड इतका ढोबळ नसतो. नियामक पेशी असतात, पण त्यांचा वचक कमी पडतो, किंवा हल्ला करणाऱ्या पेशी त्यांना जुमानत नाहीत.

उपचार कुठवर आलेत?

रुग्णाच्याच रक्तातल्या नियामक पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि परत द्यायच्या, असा प्रयोग अमेरिकेत १४ प्रौढ रुग्णांवर झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. उपचार सुरक्षित ठरला, पण मधुमेह बरा झाला असे नाही. टेप्लिझुमॅब हे औषध दुसऱ्या बाजूने काम करते, ते हल्लेखोर टी पेशींनाच थोपवते. आजार उंबरठ्यावर आलेल्यांमध्ये तो सुमारे दोन वर्षे लांबवता येतो, असे चाचणीत दिसले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. लहान मुलाच्या आयुष्यात इन्सुलिनविना दोन वर्षे थोडी नव्हेत. पण हेही कायमचे औषध नव्हे.

म्हणून आज तरी इन्सुलिनला पर्याय नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिले गेले. त्याआधी हा आजार म्हणजे मृत्यूच होता. आजही एखाद्या झाडपाल्याच्या भरवशावर इन्सुलिन बंद केले, तर काही दिवसांत मूल दगावू शकते. नोबेलच्या बातमीचा आधार घेऊन कोणी ‘कायमचा इलाज’ विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

घरात लक्ष कशावर ठेवायचे?

मूल सारखे पाणी मागते, सारखे लघवीला जाते, सुटलेली सवय मोडून पुन्हा अंथरूण ओले करते, पोटभर जेवूनही वाळते? बोटातल्या रक्ताच्या एका थेंबावर साखर त्याच दिवशी तपासा. उलट्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास सुरू झाला असेल तर ते नुसते पोट बिघडणे समजू नका. कुंभारवाडा, अणशी, कॅसलरॉकसारख्या जंगलातल्या गावांतून मोठे रुग्णालय गाठायचे म्हणजे दांडेली, बेळगाव, हुबळी किंवा गोवा. म्हणून आपल्याकडे एक दिवसाचा उशीरही महागात पडतो. बेळगावात केएलईच्या मधुमेह केंद्रात अशा मुलांवर उपचार होतात.

पावसाळ्यात वीज गेली आणि फ्रीज बंद पडला, तरी इन्सुलिन फेकू नका. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, एका छोट्या मडक्यात ठेवा, आणि ते मडके पाणी घातलेल्या मोठ्या मडक्यात. वापरात असलेली बाटली अशी साधारण चार आठवडे चालते. फक्त ती कधी गोठू देऊ नका.

आणि शाळेतल्या गुरुजींना, बाईंना, शेजाऱ्यांना एवढे जरूर सांगा: हे मूल खेळू शकते, शिकू शकते, पुढे संसार करू शकते. त्याला वेळेवर इन्सुलिन हवे, वेळेवर जेवण हवे, आणि त्याच्या आईला बोल लावणे थांबायला हवे.