दुसरे वाचन

रत्नागिरीस पावसाची झड लागली, की मुलांना चार-चार दिवस घराबाहेर पडता येत नाही. १८२८ साली स्थापन झालेल्या तेथील जुन्या वाचनालयातून आणलेले पुस्तक तर एका बैठकीत संपते. अशा वेळी तेच पुस्तक पुन्हा उघडावे. पहिल्या वाचनात आपण गोष्टीमागे धावत असतो. वाटेवरच्या खुणा दिसतात त्या दुसऱ्या वाचनात.

लुईस कॅरोल या इंग्रज लेखकाची ‘ॲलिस इन वंडरलँड’ ही अद्भुत कादंबरी १८६५ साली प्रसिद्ध झाली. सशाच्या बिळातून ॲलिस एका विलक्षण देशात पोहोचते. तेथे ‘हा मे महिना आहे’ असे ती सहज बोलून जाते. पुढे चहापानाच्या वेळी एक विक्षिप्त टोपीवाला तिला तारीख विचारतो. ती थोडा विचार करून ‘चार’ असे सांगते. म्हणजे तो दिवस ४ मे. पण चारच का?

या प्रश्नाचा उलगडा १८७१ च्या दुसऱ्या भागात होतो. तेथे ॲलिस आपले वय बरोबर साडेसात वर्षे सांगते. त्याच दिवशी तिने खिडकीतून, उद्याच्या होळीसाठी काटक्या गोळा करणारी मुले पाहिलेली असतात. शिमग्यापूर्वी लाकडे जमविणारी मुले दिसली, की आपल्याला तिथी विचारावी लागत नाही. इंग्लंडात अशी होळी ५ नोव्हेंबरला पेटवितात. तेव्हा गोष्टीतील दिवस ४ नोव्हेंबर. आणि साडेसात वर्षे बरोबर असतील, तर ॲलिसचा वाढदिवस ४ मे!

कॅरोलने १८६२ साली नावेतून जाताना ही गोष्ट प्रथम तीन बहिणींना सांगितली होती. त्यांतील ॲलिस लिडेल हिचा जन्म ४ मे १८५२ चा. आपल्या बालमैत्रिणीचा वाढदिवस लेखकाने असा गाजावाजा न करता दोन पुस्तकांत गुंफून ठेवला.

मात्र प्रत्येक शंकेचे उत्तर मिळतेच असे नाही. त्याच चहापानात टोपीवाला कोडे घालतो : डोमकावळा आणि लिहिण्याचे मेज यांत साम्य कोणते? वाचकांनी पुष्कळ तर्क लढविले. अखेर १८९६ साली कॅरोलने सांगितले, की मुळात त्या कोड्याला उत्तरच नव्हते!

म्हणून शंका अवश्य घ्यावी, तर्कही करावा. पण पुस्तकातील शब्दांचा आधार सोडू नये. वाचताना ‘हे असे का?’ असे मनात आले, तर पुढे पळू नका. एक पान मागे उलटा.