तांदळाचे पेट्रोल आणि जुना कार्ब्युरेटर

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती मिसळावे, यावर २०२५ साली देशात बराच गदारोळ झाला. त्यात जुन्या मोटारींच्या शौकिनांचा आवाज विशेष ऐकू आला. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, परदेशी बनावटीच्या जुन्या जीपगाड्या, या सर्वांना निर्भेळ पेट्रोल मिळाले पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. ती अवास्तव नव्हती. परंतु तिच्यामुळे एक गैरसमज दृढ झाला. कार्ब्युरेटरचा प्रश्न म्हणजे हौशी संग्राहकांचा प्रश्न, असे राज्यकर्त्यांना आणि वर्तमानपत्रांच्या वाचकांनाही वाटू लागले. वस्तुस्थिती तशी नाही. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या वाहनांची खरी वस्ती मुंबई-पुण्याच्या बंदिस्त गॅरेजांत नसून भंडारा जिल्ह्यातील कोंढ्यासारख्या गावांत आहे.

कोंढा हे पवनी तालुक्यातले धानाच्या मुलखातले गाव. तालुक्याचे काम निघाले तर पवनी गाठायची, जिल्ह्याचे निघाले तर भंडारा. अशा गावात शाळेवर जाणारा शिक्षक, दुधाचे कॅन लावून फिरणारा गवळी, रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीपर्यंत पोचविणारा शेतकरी, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीचे नाटक पाहायला रात्री दहा-वीस किलोमीटर जाणारा तरुण, हे सारे बहुधा दुचाकीवरच असतात. ती दुचाकी नवी असतेच असे नाही. शहरात दहा वर्षे चाललेली गाडी खेड्यात येऊन आणखी दहा वर्षे चालते, हा आपल्याकडचा जुना क्रम आहे. भारत स्टेज-६ ही प्रदूषण मर्यादा १ एप्रिल २०२० रोजी लागू झाली आणि त्यानंतरच दुचाक्यांमध्ये इंधन फवाऱ्याची, म्हणजे फ्युएल इंजेक्शनची, पद्धत सार्वत्रिक झाली. त्याच्या अगोदरचे एकच वर्ष घ्या. २०१८-१९ मध्ये देशात २ कोटींहून अधिक दुचाकी विकल्या गेल्या, आणि त्यांतील बहुतेकांना कार्ब्युरेटरच होता. त्या गाड्यांना कोणी अभिजात म्हणत नाही. परंतु इंधनाच्या दृष्टीने त्या आणि पद्मिनी एकाच पंक्तीत बसतात.

असे का, हे समजण्यासाठी कार्ब्युरेटरच्या पोटात डोकावले पाहिजे. हे यंत्र मोठे प्रामाणिक आहे, पण त्याला विचारशक्ती नाही. हवा अरुंद वाटेतून वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो, आणि त्या ओढीने पितळेच्या एका बारीक छिद्रातून, ज्याला मिस्त्री जेट म्हणतात, पेट्रोल वर येऊन हवेत मिसळते. (भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेले गाव, जिल्ह्यातल्या हजारो गाड्यांचा श्वासही अशा पितळेच्या कणाएवढ्या तुकड्यावर चालावा, हा योगायोग गमतीचा आहे.) छिद्राचे माप कारखान्यात ठरलेले असते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू अगोदरच असल्यामुळे त्याला अवघी ९ किलो पुरते. २० टक्के इथेनॉल मिसळले की हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के अधिक इंधन हवे. नव्या गाडीत धुराड्यातला संवेदक हे ओळखतो आणि फवारा वाढवितो. कार्ब्युरेटरचे छिद्र मात्र आहे तेवढेच राहते. मिश्रण पातळ होते, सकाळी गाडी चटकन उठत नाही, चोक अधिक वेळ ओढून ठेवावा लागतो, चढावर इंजिन कण्हते आणि अधिक तापते.

येथे सरकारची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. इथेनॉलमुळे धुरातील कार्बन मोनॉक्साइड कमी होतो, हा दावा खरा आहे. पण जुन्या गाड्यांत तो कमी होण्याचे एक कारण मिश्रण पातळ होणे हेच आहे. ज्या बदलामुळे धूर स्वच्छ होतो, त्याच बदलामुळे गाडी कुरकुरते. ज्यांचे कार्ब्युरेटर पूर्वीपासून गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढत होते, त्यांना तर काही फरक जाणवणारही नाही. इंजिनांचा चक्काचूर होईल अशी जी भाकिते झाली, त्यांत अतिशयोक्ती पुष्कळ होती. मायलेजचेही तसेच. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, म्हणून घट ही होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने ती जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के धरली होती. महिन्याला वीस लिटर पेट्रोल जाळणाऱ्याचे यात पाऊण लिटरच्या आसपास जाते. ही रक्कम कोणाला बुडविणारी नाही, पण कोंड्याचा मांडा करून संसार चालविणाऱ्याच्या हिशेबात ती दिसल्यावाचून राहत नाही.

खरे दुखणे दुसरीकडे आहे. जुन्या गाडीच्या टाकीत वर्षानुवर्षांचा गंज आणि चिकट साका बसलेला असतो. इथेनॉल तो सोडविते आणि सुटलेली घाण थेट जेटमध्ये जाऊन बसते. जुनी रबरी नळी आणि वॉशर फुगतात किंवा कडक होतात. कार्ब्युरेटरच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते. सर्वांत वाईट पाण्याचे. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पाणी तळाशी बसते आणि काढून टाकता येते. इथेनॉल मात्र पाणी ओढून घेते. थोडे पाणी ते निमूट सामावून घेते, आणि मर्यादा ओलांडली की पाण्यासह स्वतःही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला जाते. मग इंजिनाला मिळते ते ना पेट्रोल ना पाणी. रोज चालणाऱ्या गाडीला याचे भय फारसे नाही. जी गाडी पावसाळ्यात वळचणीखाली अर्ध्या टाकीने महिना-दोन महिने उभी राहते, तिला आहे. शहरातला संग्राहक अशा वेळी टाकी रिकामी करून ठेवतो. खेड्यात एका घरातली एकच गाडी आजारपणामुळे किंवा हप्त्याच्या पैशांअभावी उभी राहते, तेव्हा टाकीचा विचार कोणाच्या मनात येतो? आणि रोवणीच्या ऐन दिवसांत ती बंद पडली तर दुरुस्तीच्या बिलापेक्षा बुडालेला दिवस महाग पडतो.

या साऱ्यात धानाच्या मुलखाला बोचावी अशी एक विसंगती आहे. इथेनॉल म्हणजे उसाची मळी, हे समीकरण आता जुने झाले. ते मक्यापासून होते, तांदळापासूनही होते. एक क्विंटल तांदळातून सुमारे ४५ लिटर निघते. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने अन्न महामंडळाच्या गोदामातील तांदूळ इथेनॉलच्या कारखान्यांना २,२५० रुपये क्विंटलने देण्याचे ठरविले. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव २,३०० रुपये होता, आणि एक क्विंटल धान भरडल्यावर तांदूळ ६७ किलोच्या हिशेबाने धरला जातो. म्हणजे सरकारने सालीसकट धान ज्या भावाने घेतले, त्याहून कमी भावाने सडलेला, निवडलेला तांदूळ भट्टीला दिला. कोंढ्याच्या बांधीतला दाणा त्या भट्टीत गेला असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात खरेदी झालेले धान मुख्यतः रेशनच्या वाटेने जाते. परंतु हे इंधन स्वस्त पडण्यासाठी सरकारी तिजोरीतून पदर खर्ची पडला, आणि तरीही पंपावरचा दर उतरला नाही. वास्तविक कमी ऊर्जेच्या या इंधनावर करसवलत देऊन ग्राहकाची भरपाई करावी, असे त्याच २०२१ च्या अहवालात सुचविले होते. जुन्या वाहनांसाठी १० टक्क्यांचे मिश्रण संरक्षक इंधन म्हणून उपलब्ध ठेवावे, हाही विचार त्यात होता. या दोन्ही गोष्टी मागे पडल्या. २० टक्क्यांचे उद्दिष्ट तेवढे २०३० वरून २०२५-२६ वर अलीकडे ओढले गेले, आणि ते गाठलेही गेले.

मद्यार्कमिश्रित इंधन आपल्याला नवीन नाही. मोटारीच्या इंधनात वापरायच्या अल्कोहोलसाठी १९४८ मध्येच कायदा झाला होता. तो २००० मध्ये रद्द झाला, आणि गंमत अशी की दुसऱ्याच वर्षी मिरज आणि मनमाड येथे ५ टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकण्याचे प्रयोग सुरू झाले. ५ टक्क्यांपर्यंत कोणाचा कार्ब्युरेटर तक्रार करीत नव्हता. जून २०२२ मध्ये १० टक्के झाले तेव्हाही ओरड फारशी झाली नाही. पुढचे १० टक्के मात्र तीन वर्षांत चढले, आणि चढताना जुने इंधन बाजारातून निघून गेले.

ब्राझीलचे उदाहरण नेहमी दिले जाते. ते देणाऱ्यांनी ते पुरते द्यावे. १९७५ मध्ये त्या देशाने अल्कोहोलचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९७९ मध्ये फियाट १४७ ही निव्वळ अल्कोहोलवर धावणारी मोटार रस्त्यावर आणली. तिला कार्ब्युरेटरच होता! पण तो त्या इंधनासाठी बनविलेला होता. जेटचे माप निराळे आणि गंज रोखण्याची तजवीज वेगळी. ज्या फियाटच्या ११०० या गाडीपासून कुर्ल्याच्या कारखान्यात आपली पद्मिनी तयार झाली, तीच ही कंपनी. सारांश, कार्ब्युरेटर आणि इथेनॉल यांचे जन्मजात वैर नाही. तेथे इंधनाबरोबर यंत्रही बदलले. आपल्याकडे इंधन बदलले आणि यंत्र मालकाच्या नशिबावर सोडले. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्क्यांचे पेट्रोल सुरू केले तेव्हा ५ टक्क्यांचे उंची पेट्रोल जुन्या वाहनांसाठी राखून ठेवले, तेही १० टक्क्यांच्या मिश्रणासाठी.

आपल्याकडे इथेनॉलविरहित म्हणून जे मिळते, ते तेल कंपन्यांचे १०० ऑक्टेनचे पेट्रोल. ते निवडक शहरांतल्या निवडक पंपांवर, लिटरला दीडशे रुपयांच्या वरच्या भावाने मिळते. रविवारी सकाळी पद्मिनी बाहेर काढणाऱ्याला ते परवडते. कोंढ्याच्या गवळ्याला ते परवडणारे नाही, आणि त्याच्या जुन्या, कमी दाबाच्या इंजिनाला एवढ्या ऑक्टेनची गरजही नाही. त्याला हवे आहे साधे पेट्रोल. कायद्याचेही पाहा. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातल्या गाडीला विंटेजचा मान आणि वेगळी नोंदणी दिली. वीस वर्षांवरील रोजच्या दुचाकीच्या वाट्याला ऑगस्ट २०२५ मध्ये काय आले, तर नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दुप्पट, २,००० रुपये.

निर्भेळ पेट्रोलचा पर्याय मिळावा म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. धोरणाच्या क्षेत्रात न्यायालयाने शिरू नये, हे तत्त्व म्हणून मान्य करता येईल. मग ती जबाबदारी संसदेची आणि पेट्रोलियम मंत्रालयाची ठरते. मंत्रालयाने तर जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, ते काम स्वस्त आहे, असे त्याच ऑगस्टमध्ये सांगून टाकले. स्वस्त आहे हे खरे. पण इथेनॉलला टिकणारे रबर कोणते, ते पवनीच्या दुकानात मिळते का, आणि नेहमीच्या रबरापासून ते वेगळे ओळखायचे कसे, हे मिस्त्रीला कोणी सांगितले? खेड्यातल्या दुरुस्तीची सारी विद्या ऐकीव असते. जेट एक माप मोठा घालावा, सुईची क्लिप एक खाच खाली घ्यावी म्हणजे मिश्रण घट्ट होते, गाडी उभी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी, टाकी नव्या इंधनाला सरावेपर्यंत फिल्टर दोन-तीनदा बदलावा, एवढे जरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमार्फत तालुक्या-तालुक्यात शिकविले गेले असते, तरी निम्मी कुरकुर थांबली असती. शहरातल्या संग्राहकाने हे सारे परदेशी पुस्तकांतून केव्हाच शिकून घेतले आहे.

पण शिकवणी हा अर्धाच उपाय. उरलेला अर्धा म्हणजे प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी निदान एका पंपावर १० टक्क्यांपेक्षा अधिक इथेनॉल नसलेले पेट्रोल नेहमीच्या दराने मिळणे. यावर तेल कंपन्या म्हणतील की खेड्यातल्या पंपाला पेट्रोलची टाकी एकच असते, दुसरी बसवायची तर खर्च कोणी करायचा? प्रश्न रास्त आहे. सरकारी आकड्यांनुसार इथेनॉलमुळे २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत देशाचे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले. त्या बचतीत कोंढ्याच्या चोक ओढणाऱ्या शिक्षकाचाही वाटा आहे. पंपाच्या दुसऱ्या टाकीचा खर्च तिच्यातून काढावा.