गोदामातून परतलेली गाणी

१९६६ सालच्या आरंभीची गोष्ट आहे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या मोटारीत दोन तरुण बसले होते. दोघांचेही वय चोवीस वर्षांचे. हाताशी विशेष काम नव्हते, मुक्काम पुन्हा आईवडिलांच्या घरी होता. मोटारीतल्या रेडिओवर निवेदकाने देशातील पहिल्या क्रमांकाचे गाणे जाहीर केले आणि ते वाजू लागले. तेव्हा एक जण दुसऱ्याला म्हणाला, हे सायमन आणि गारफंकेल नावाचे गृहस्थ सध्या मोठ्या मजेत असतील! बोलणारा स्वतः आर्ट गारफंकेल होता आणि ऐकणारा पॉल सायमन.

विनोदाच्या मागे खरी हकिकत होती. जे गाणे त्या आठवड्यात अमेरिकेत सर्वाधिक गाजत होते, ते सव्वा वर्षापूर्वी बाजारात येऊन आपटले होते. त्या अपयशामुळेच ही जोडी फुटली होती.

गाण्याचे नाव ‘द साउंड ऑफ सायलेन्स’, म्हणजे मौनाचा ध्वनी. आपल्याकडे मौन हे व्रत आहे. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला मौन धारण करणारी घरे आजही पुष्कळ आहेत. सायमनच्या गाण्यातले मौन मात्र व्रत नसून व्याधी आहे. माणसे बोलतात, पण कोणाचे बोलणे कोणापर्यंत पोहोचत नाही, अशी ती व्यथा. विशीतला सायमन न्हाणीघरात दिवा मालवून गिटार घेऊन बसत असे, कारण तेथील फरशांवर आदळून आवाज घुमून परत येई. त्या अंधारात हे गाणे सुचले. मार्च १९६४ मध्ये कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीने ते दोन आवाज आणि गिटारच्या साथीने मुद्रित केले आणि ऑक्टोबरमध्ये ‘वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए. एम.’ या संग्रहातून विक्रीस आणले.

वेळ प्रतिकूल होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत उतरले होते आणि दुकानांच्या फळ्या त्यांच्याच तबकड्यांनी भरून गेल्या होत्या. शांत, साध्या गाण्यांच्या या संग्रहाच्या जेमतेम तीन हजार प्रती खपल्या, असे सांगितले जाते. सायमन इंग्लंडला निघून गेला आणि लहानसहान सभागृहांतून एकटा गाऊ लागला. गारफंकेल विद्यापीठातील शिक्षणाकडे वळला. कंपनीच्या दृष्टीने तो माल पडून राहिलेला होता आणि खाते जवळजवळ बंद झाले होते.

व्यापारी घरांतील वाचकांना हा प्रकार अपरिचित नाही. एखादे ठाण दोन हंगाम कोणी उलगडूनही पाहत नाही. तिसऱ्या हंगामात अकस्मात परगावचा एक गिऱ्हाईक येतो आणि तेच ठाण मागतो. त्या वेळी गादीवर बसलेल्या माणसाची परीक्षा असते. हे एकाचे वेड समजून सोडून द्यायचे, की त्यात मागणीची पहिली चाहूल ओळखायची?

कोलंबियाच्या बाबतीत ही चाहूल १९६५ च्या वसंतात लागली. बोस्टनमधील रेडिओवर रात्री उशिरा हे गाणे वाजत होते आणि विद्यार्थी ते पुन्हा पुन्हा मागत होते. सुटीसाठी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जमलेल्या महाविद्यालयीन मुलांकडूनही तशीच मागणी येऊ लागली. मूळ ध्वनिमुद्रण करून घेणारा निर्माता टॉम विल्सन याने ती ओळखली. हार्वर्ड विद्यापीठाचा पदवीधर असलेला हा कृष्णवर्णीय गृहस्थ त्याच काळात बॉब डिलनच्या गाण्यांचेही काम पाहत होता. लोकगीताच्या चालीला विद्युत गिटार आणि तालवाद्यांची जोड दिली, तर तरुण गिऱ्हाईक धावून येते, हे त्या उन्हाळ्यात बर्ड्स या वाद्यवृंदाने दाखवून दिले होते. विल्सनने जुनी ध्वनिफीत बाहेर काढली, साथीदार वादक बोलावले आणि मूळ आवाजांवर विद्युत गिटार, बास आणि ड्रम यांचा नवा थर चढवला. मूळ गायन ठेक्याला काटेकोर बांधलेले नव्हते. त्यामुळे वादकांना गायकांच्या मागोमाग आपली लय सावरून घ्यावी लागली. लक्षपूर्वक ऐकणाऱ्यास हे आजही जाणवते.

सप्टेंबर १९६५ मध्ये ही नवी तबकडी निघाली आणि १ जानेवारी १९६६ च्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर पोहोचली. सायमनला आपले गाणे चढत असल्याची वार्ता डेन्मार्कमध्ये असताना कळली. नवी आवृत्ती प्रथम ऐकली तेव्हा तो हादरला होता. कारण यातले काहीही त्याला किंवा गारफंकेलला विचारून झालेले नव्हते.

येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. ध्वनिफितीवर मालकी कंपनीची होती. करारानुसार तिने स्वतःच्याच मालावर नवी प्रक्रिया केली. वहीच्या हिशेबाने यात गैर काही नाही. परंतु अचौर्यव्रताची व्याख्या शिकताना आपल्याकडे ‘अदत्तादान’ हा शब्द येतो, म्हणजे न दिलेले घेणे. सायमनने कंपनीला फीत दिली होती हे खरे. गाण्याचा स्वभाव बदलण्याची अनुमती दिली होती काय? हा प्रश्न यशामुळे निकालात निघत नाही. उलट यशामुळे तो विचारणे अधिक अवघड होते, कारण ज्याला विचारले नाही, त्याचेच आयुष्य त्या कृतीने उभे राहिले. सायमन मायदेशी परतला, जोडी पुन्हा जुळली, डिसेंबरमध्ये घाईघाईने नवा संग्रह मुद्रित झाला. ते काम विल्सनकडे नव्हते. दुसऱ्या निर्मात्याने ते केले. ज्याने मागणी ओळखली, तो पुढच्या हंगामात त्या दुकानावर राहिला नाही.

जैन कर्मसिद्धांतात ‘अबाधाकाल’ नावाची संकल्पना आहे. कर्म बांधले जाते आणि त्याचे फळ उदयास येते, या दोहोंमधील निश्चल काळ तो अबाधाकाल. कर्म नष्ट झालेले नसते, सत्तेत असते. केवळ त्याची बाधा जाणवत नाही. पुन्हा प्रकाशित होऊन गाजलेल्या गाण्यांकडे पाहताना या शब्दाची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. उपमा फार ताणू नये, हेही तितकेच खरे. कर्माचे फळ ज्याचे त्यालाच भोगावे लागते. गाण्याच्या बाजारात असा नियम नाही.

काही वेळा गाणे अपयशी नसतेच, त्याचा मोठा हंगाम तेवढा पुढे असतो. डेव्हिड बोवीचे ‘स्पेस ऑडिटी’ जुलै १९६९ मध्ये, मानव चंद्रावर उतरण्याच्या सुमारास निघाले. ब्रिटनमध्ये ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेले, अमेरिकेत त्याची दखल घेतली गेली नाही. बोवी प्रसिद्ध झाल्यावर १९७३ मध्ये अमेरिकेत ते पुन्हा निघून पंधराव्या स्थानी पोहोचले. १९७५ मध्ये कंपनीने ब्रिटनमध्ये ते आणखी दोन गाण्यांसह एकाच तबकडीवर आणले, आणि बोवीला तेथील पहिला अव्वल क्रमांक या सहा वर्षे जुन्या गाण्याने मिळवून दिला. आता तर पुन्हा प्रकाशनाचीही गरज उरलेली नाही. केट बुश हिचे १९८५ मधील ‘रनिंग अप दॅट हिल’ त्या वेळी ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर थांबले होते; २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत ते वाजले आणि ३७ वर्षांनी पहिले आले. नवी तबकडी छापावी लागली नाही, दुकानाची फळी मोकळी करावी लागली नाही. आजच्या गोदामातला माल कधी संपतही नाही आणि परतही जात नाही.

जुन्या काळी मात्र मधल्या माणसाच्या मर्जीवर सर्व अवलंबून असे, आणि ती मर्जी किती महाग पडू शकते, हे लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ या गाण्याने दाखवले.

हे गाणे १६ ऑगस्ट १९६७ रोजी लास व्हेगास येथे मुद्रित झाले. आर्मस्ट्राँग तेथील एका हॉटेलात मध्यरात्री कार्यक्रम करीत. त्यामुळे मुद्रणाला रात्री दोनच्या सुमारास आरंभ झाला. कंपनीचे प्रमुख लॅरी न्यूटन यांना या गायकाकडून उडत्या चालीचे गाणे हवे होते. संथ गाणे ऐकून ते इतके संतापले की, त्यांना स्टुडिओबाहेर ठेवून दार लावून घ्यावे लागले. जवळच लोहमार्ग होता. गाडीच्या शिट्टीने दोनदा मुद्रण बिघडले आणि पुन्हा आरंभ करावा लागला. उजाडेपर्यंत काम चालले. वादकांना जादा वेळेचा मोबदला देता यावा म्हणून आर्मस्ट्राँग यांनी स्वतः केवळ २५० डॉलर घेतले. जगभर ख्याती असलेल्या, सदुसष्टाव्या वर्षात पदार्पण केलेल्या ज्येष्ठ कलावंताने साथीदारांचा हिशेब चुकता व्हावा म्हणून आपला वाटा कमी केला, हे त्या रात्रीचे वैशिष्ट्य.

न्यूटन यांनी अमेरिकेत या गाण्याची जाहिरात केली नाही. परिणामी तेथे त्याच्या एक हजार प्रतीही खपल्या नाहीत. ब्रिटनमध्ये तीच तबकडी आपल्याकडे श्वानाच्या चित्रामुळे घरोघरी ओळखल्या गेलेल्या एच. एम. व्ही.च्या नावाने निघाली. १९६८ च्या वसंतात ती तेथे पहिल्या क्रमांकावर गेली आणि त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली तबकडी ठरली. गायक तोच, ध्वनिफीत तीच, गावे दोन, आणि विक्रीत एवढे अंतर! गिऱ्हाईक नाही म्हणून माल पडला, असे न्यूटन यांना म्हणता येत नव्हते. गिऱ्हाइकासमोर तो मांडलाच गेला नव्हता.

६ जुलै १९७१ रोजी आर्मस्ट्राँग यांचे निधन झाले. मायदेशाने या गाण्याला जवळ केले ते त्यानंतर सोळा वर्षांहून अधिक काळाने. ‘गुड मॉर्निंग, व्हिएतनाम’ या चित्रपटात युद्धाच्या विध्वंसाच्या दृश्यांवर जगाच्या सौंदर्याचे हे गाणे वाजवले गेले आणि प्रेक्षक स्तब्ध झाले. (चित्रपटाचे कथानक १९६५ चे आहे; गाणे तेव्हा जन्मलेही नव्हते. कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही.) १९८८ मध्ये ते अमेरिकेत पुन्हा निघाले आणि बत्तिसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. क्रमांक फार मोठा नव्हे, पण त्यानंतर हे गाणे त्या देशातून हद्दपार झाले नाही.

उशिरा आलेले फळ कोणाच्या पदरात पडते, हे समजण्यासाठी ब्रिटनमधील १९८६-८७ चा हिवाळा पाहावा. केवळ काही आठवड्यांच्या अंतराने तेथे दोन जुनी अमेरिकन गाणी पहिल्या क्रमांकावर आली. दोन्ही कृष्णवर्णीय गायकांची, दोन्ही पंचवीस वर्षांहून जुनी.

त्यांतील एक ‘स्टँड बाय मी’, गायक बेन ई. किंग. १९६१ मध्ये ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले होते, ब्रिटनमध्ये मात्र सत्ताविसाव्यावरच अडले. १९८६ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला, आणि पाठोपाठ ब्रिटनमध्ये लिव्हाइस जीन्सच्या जाहिरातीत हे गाणे वाजू लागले. कापडाच्या धंद्यातील वाचकांनी ही युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे: गाण्याने पाटलोणी विकल्या आणि पाटलोणीने गाणे विकले. फेब्रुवारी १९८७ मध्ये ते पहिल्या स्थानी आले. किंग तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, गात होते, आणि मुख्य म्हणजे गाण्याच्या तीन रचनाकारांत त्यांचे नाव होते. गायकाचा मान त्यांचा होता आणि रचनेतील हिस्साही त्यांचाच होता. तारुण्यात कागदावर लिहिले गेलेले ते नाव सव्वीस वर्षांनी उपयोगी पडले.

दुसरे गाणे ‘रीट पेटिट’, गायक जॅकी विल्सन. पूर्वी उल्लेखिलेल्या टॉम विल्सनशी त्यांचे केवळ नामसाधर्म्य. १९५७ मधील या गाण्याच्या रचनाकारांत बेरी गॉर्डी होते, जे पुढे मोटाउन या विख्यात कंपनीचे संस्थापक झाले. विल्सन स्वतः रचनाकार नव्हते. सप्टेंबर १९७५ मध्ये न्यू जर्सी येथे रंगमंचावर गात असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने ते कोसळले. त्यातून ते पुन्हा उभे राहू शकले नाहीत. आठ वर्षांहून अधिक काळ परावलंबी अवस्थेत काढून जानेवारी १९८४ मध्ये त्यांची जीवनयात्रा संपली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत काही चित्रकारांनी मातीच्या बाहुल्यांचा उपयोग करून या जुन्या गाण्यावर एक गमतीदार चलतचित्र बनवले. बीबीसीच्या ‘अरीना’ या कार्यक्रमात ते दाखवले गेले आणि लोकांनी तबकडीची मागणी केली. डिसेंबर १९८६ मध्ये, ऐन नाताळात, ‘रीट पेटिट’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तेथे राहिले. मूळ प्रकाशनाला एकोणतीस वर्षे होऊन गेली होती. ज्या आवाजावर त्या नाताळात ब्रिटनमधील मुले नाचत होती, त्या आवाजाचा धनी डेट्रॉइटजवळील एका दफनभूमीत पुरलेला होता, आणि त्या जागेवर नाव लिहिलेला साधा दगडही नव्हता. चाहत्यांनी वर्गणी जमवून तो १९८७ मध्ये बसवला.