कर्व्यांचे मुरुड आणि त्याचे शेजारी

कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम इथल्या झोपडीत आणला. ती झोपडी संस्थेच्या आवारात आजही जपलेली आहे. पुढचे सगळ्यांना पाठ आहे. पण अण्णांचे मुरुड किती कर्वेनगरकरांनी पाहिले असेल? दापोलीचे मुरुड म्हणतोय मी, जंजिऱ्याचे नव्हे.

एका सिद्धपुरुषाने हे गाव आखून वसवले, अशी आख्यायिका. सरळ रस्ता, दुतर्फा घरे आणि घरामागे नारळी-पोफळीच्या वाड्या पाहिल्या की ती खरी वाटते. एका वाडीत सुपारी काढणारे काका भेटले. वय साठीच्या पुढे. पोफळीच्या शेंड्याला पोचायचे, झोका घेऊन शेजारची पोफळ धरायची आणि खाली न उतरता अख्खी ओळ संपवायची, ही त्यांची विद्या. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने ओळीच मोडल्या. “आता प्रत्येक झाडाला वेगळं चढा-उतरायचं. गुडघे कुठून आणू?” नवी रोपे लावली, पण पोफळ धरायला सहा-सात वर्षे घेते. तेवढा धीर नसलेल्यांनी वाडीत खोल्या बांधल्या. त्यांना दोष कसा देणार? सुपारी वर्षाने पैसे देते, पर्यटक दर शनिवारी. मात्र किनाऱ्यावर मोटारी घालून वाळूत रुतवणाऱ्यांना दोष देतो, आणि त्यांत पुण्याच्या पाट्या बऱ्याच दिसतात.

हर्णैचे नशीब वेगळे. मुंबईची आगबोट गेली, मासळी राहिली. संध्याकाळी वाळूतच लिलाव पुकारला जातो आणि बंदर गजबजते. समोर सुवर्णदुर्ग. १७५५ मध्ये इंग्रज कमोडोर विल्यम जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, पेशव्यांच्या संगनमताने. जेम्सच्या पत्नीने त्याच्या स्मरणार्थ १७८४ मध्ये लंडनजवळच्या टेकडीवर ‘सेव्हर्नड्रूग’ नावाचा मनोरा बांधला. तो डागडुजी होऊन उभा आहे. आपला मूळ किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, तरी आत झाडोरा माजलेला.

खाडीपलीकडचे आंजर्ले सर्वांत निवांत. पूर्वी तरीने जावे लागे, आता पूल आहे. कड्यावरचा गणपती आणि कासवांची पिल्ले पाहायला लोक येतात, पण गाव अजून गावासारखे आहे. तिन्ही गावांना समुद्र एकच. पण मुरुड पर्यटकांवर जगते, हर्णै मासळीवर, आणि आंजर्ले अजून ठरवते आहे.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. ताम्हिणी-माणगावमार्गे जा, वाडीतल्या घरी उतरा, मोटार रस्त्यावरच ठेवा. आणि निघताना सुपारी तिथूनच घ्या.