नियमन सांगकाम्या

ऑनलाइन संवादगटातील संदेश ठरावीक नियमांशी ताडून पाहणाऱ्या, आणि नियमभंग आढळल्यास संदेश पुसणे, ताकीद देणे, सदस्याचे लेखन काही काळ थांबवणे किंवा त्याला गटाबाहेर काढणे ही कार्यवाही आपोआप करणाऱ्या आज्ञावलीस नियमन सांगकाम्या असे म्हणता येते. ‘बॉट’ या अर्थी ‘सांगकाम्या’ ही संज्ञा मराठी विकिपीडियावर रूढ आहे. मूळ मराठीत सांगितले तेवढेच करणारा, स्वतःची बुद्धी न चालवणारा मनुष्य म्हणजे सांगकाम्या. या साधनाचे सामर्थ्य आणि मर्यादा अशा दोन्ही गोष्टी या एका शब्दात आल्या आहेत.

इतिहास

इंटरनेट रिले चॅट ही संवादप्रणाली १९८८ मध्ये फिनलंडमधील यार्को ओइकारिनेन यांनी तयार केली. तेथील संवादकक्षांच्या राखणीसाठी १९९३ मध्ये ‘एगड्रॉप’ हा सांगकाम्या पुढे आला. टेलिग्रामने जून २०१५ मध्ये सांगकामे तयार करण्याची सोय सर्वांना खुली केली. डिस्कॉर्डने २०२२ मध्ये ‘ऑटोमॉड’ ही अंगभूत सुविधा दिली.

गरज आणि कायदेशीर बाजू

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच निरपराध भटक्या व्यक्तींची हत्या केली. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

गटप्रमुखाची जबाबदारी किती, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला. गटप्रमुखाला सदस्य घेण्याचा व काढण्याचा अधिकार असतो, मात्र संदेश प्रसिद्ध होण्यापूर्वी तो रोखण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नसते. म्हणून समान उद्देश सिद्ध झाल्याखेरीज सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशाबद्दल त्याला दोषी धरता येत नाही, असा निर्णय खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये दिला. सांगकाम्याही सामान्यतः संदेश प्रसिद्ध झाल्यानंतरच तो पुसतो. त्या काही क्षणांत संदेश वाचला जाऊ शकतो किंवा पुढे पाठवला जाऊ शकतो.

मांडणी

टेलिग्रामवर ‘बॉटफादर’ या अधिकृत सांगकाम्याकडे नाव नोंदवल्यावर एक गुप्त संकेतावली मिळते. ती ज्याच्या हाती पडेल त्याच्या ताब्यात सांगकाम्या जातो. म्हणून ती कोणाला देऊ नये, आणि उघड झाल्यास लगेच बदलून घ्यावी. आज्ञावली सतत चालू असलेल्या संगणकावर ठेवावी लागते, अन्यथा तयार सांगकाम्या वापरता येतो. गटात साधा सदस्य म्हणून घेतलेल्या सांगकाम्याला सुरुवातीस त्याला उद्देशून दिलेल्या आज्ञाच प्रामुख्याने दिसतात. सर्व संदेश दिसण्यासाठी त्याला प्रशासक करता येते. तेव्हा संदेश पुसणे आणि सदस्यांवर निर्बंध घालणे एवढेच अधिकार त्याला द्यावेत.

शिक्षेची चढती पायरी ठेवणे इष्ट असते: प्रथम ताकीद, नंतर काही तासांची लेखनबंदी आणि शेवटी हकालपट्टी. टेलिग्रामवर तीस सेकंदांपेक्षा कमी किंवा ३६६ दिवसांपेक्षा अधिक मुदतीची बंदी कायमची मानली जाते. वीस सेकंदांची सौम्य शिक्षा देऊ पाहणाऱ्याकडून त्यामुळे नकळत आजन्म बंदी घातली जाते. म्हणून नियम आधी वेगळ्या चाचणी गटात तपासावेत.

मराठीतील अडचणी

निषिद्ध शब्दांची यादी देणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, परंतु मराठीत तो लवकर अपुरा पडतो. विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. ‘कुत्रा’ या शब्दाचे ‘कुत्र्याने’, ‘कुत्र्याला’ असे रूप झाले की यादीतील मूळ शब्द जुळत नाही. उलट अक्षरसमूह कोठेही शोधण्याची मुभा दिली, तर ‘मर’ या शब्दापायी ‘अमर’ नावाच्या सदस्याचा उल्लेख असलेला संदेश पुसला जातो. अनेक संगणकभाषांत काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे शब्दाचा भाग मानली जात नाहीत, त्यामुळे शब्द कोठे संपतो हे ठरवताना चूक होते. ऱ्हस्वदीर्घाचे भेद आणि रोमन लिपीत लिहिलेली मराठी यांमुळे एकाच शब्दाची अनेक रूपे तपासावी लागतात.

अर्थ संदर्भावर अवलंबून असतो, ही त्याहून मोठी अडचण आहे. परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावातील शेतकऱ्यांच्या गटात ‘बैल’ हा शब्द बहुधा जनावराच्या खरेदीविक्रीसंबंधी येईल, तर विद्यार्थ्यांच्या गटात तोच शब्द सहाध्यायाचा अपमान करण्यासाठी येऊ शकेल. यादी एकच असली तरी दोन्ही ठिकाणी न्याय एक होणार नाही.

मर्यादा

सभ्य शब्दांत लिहिलेली अफवा शब्दयादीला सापडत नाही. राईनपाड्यासारख्या घटनांमागील मजकुरात शिवी असण्याची गरज नव्हती. यासाठी काढलेल्या संदेशांची नोंद ठेवणे, ती नियमितपणे माणसाने तपासणे आणि सदस्याला दाद मागण्याचा मार्ग देणे आवश्यक ठरते. सांगकाम्या सर्वांचे संदेश वाचत असल्याने त्याची पूर्वसूचना सदस्यांना द्यावी आणि नोंदी गरजेपेक्षा अधिक काळ साठवू नयेत.