फणसांबा : घरचें औषध व झाडाचा रोग

फणसाच्या जुन्या झाडाच्या बुंध्यास कधीं कधीं घोड्याच्या खुरासारखें एक काळपट, कठीण अळंबें फुटतें. त्यास फणसांबा अथवा फणसोंबा म्हणतात. डहाणू व तलासरी तालुक्यांतील ज्या खातेदारांनीं जुने फणस राखिले आहेत, त्यांनीं त्याची नीट ओळख करून घ्यावी. महसुली दप्तरांत झाडांचा शेरा असतो, पण झाडावर काय उगवलें ह्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. ती मालकानेंच ठेविली पाहिजे.

फणसांबा लांकडासारखा टणक असून चाकूस सहज दाद देत नाहीं. त्याची वरची बाजू काळी व भेगाळलेली, आंतील भाग तांबूस-तपकिरी, आणि खालच्या अंगास सुईच्या टोंकाएवढीं बारीक छिद्रें असतात. देंठ नसतो. पावसाळ्यांत कुजक्या ओंडक्यांवर येणारीं मऊ, छत्रीसारखीं अळंबीं अगदीं निराळीं. त्यांत विषारी जाती असतात. तसेंच काजऱ्यासारख्या विषारी झाडावरील अळंबें फणसांबा म्हणून कदापि घेऊं नये.

घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया हा तुकडा धुवून वाळवितात व सहाणेवर पाण्यांत उगाळून तान्ह्या मुलाच्या हिरड्यांस लावितात. फार लाळ गळणें व तोंड येणें ह्यांवर हा जुना उपाय आहे. हगवणीवरही तो देतात. काष्ठौषधीच्या दुकानींही फणसांबा मिळतो. जपान व कोरिया ह्या देशांत तुतीवरील ह्याच वर्गाचें अळंबें औषधी मानितात. आल्प्स पर्वताच्या बर्फांत १९९१ सालीं सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याचें प्रेत सांपडलें. त्याच्या सामानांतही भूर्जवृक्षावरील अळंब्याचे तुकडे होते.

तथापि दांत येतांना लाळ गळणें हें स्वाभाविकच होय. ती कालांतरानें आपोआप थांबते, आणि यश मात्र लेपास मिळतें! मुलास ताप असून गिळवत नसेल, अथवा तें दूध घेत नसेल, तर सहाण बाजूस ठेवून तत्काळ दवाखाना गांठावा. हगवणींत पहिलें औषध जलसंजीवनी. डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर घरगुती उपायांत एक घटकाही दवडूं नये.

आतां झाडाविषयीं. दिसतो तो फणसांबा म्हणजे केवळ फळ. त्याचे तंतु खोडाच्या गाभ्यांत पसरून लांकूड पांढुरकें व भुसभुशीत करितात. म्हणून तो काढून घेतल्यानें झाड बरें होत नाहीं. मोडलेली फांदी, कोयत्याचा घाव, सोललेली साल ह्या वाटांनीं रोग आंत शिरतो. पाला अगर सरपण काढतांना बुंध्यावर घाव घालण्याची आपली खोड महाग पडते ती अशी. फांदी काढणें असल्यास करवतीनें साफ कापावी. अर्धवट मोडून लोंबत ठेवूं नये. बुंध्यावर कोयत्याची पाठ ठोकून पाहावी. आवाज पोकळ आला आणि झाडाखालीं गोठा किंवा घर असलें, तर जाणत्यास दाखवून मृगापूर्वीं भारी फांद्या उतरवाव्या, अथवा गुरें दुसरीकडे बांधावीं.